दोरीवर वाळत घातलेलं नाव: छोट्या व्यवसायासाठी मराठी अक्षरचिन्ह घडवताना

माझी मावसबहीण जुन्या सुती साड्यांची झबली, टोपडी आणि दुपटी शिवते. साडी जितकी धुऊन मऊ झालेली तितकं झबलं चांगलं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. तिने त्यात रंगांची जोडी, काठ नेमका कुठे यावा याचा विचार आणि पाठीमागच्या नाड्या यांचं गणित बसवलं आणि ओळखीपाळखीतून ऑर्डरी येऊ लागल्या. नाव ठेवलं ‘लडिवाळ’. मग एका रात्री तिने मला व्हॉट्सॲपवर साठेक चित्रं पाठवली. पिंटरेस्टवरून गोळा केलेले बाळांच्या कपड्यांचे परदेशी लोगो, सगळे रोमन लिपीतले. खाली एक ओळ: “ताई, असं काहीतरी मराठीत करून दे ना.”

या ‘असं काहीतरी मराठीत’मध्येच निम्मी मराठी अक्षरचिन्हं, म्हणजे नावाच्या अक्षरांतूनच घडवलेले लोगो, फसतात. रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं, आपलं अक्षर दोरीला लटकलेलं असतं. तिथलं सौंदर्य उचलून इथे चिकटवलं की मराठी शब्द भाड्याचा कोट घातल्यासारखा दिसतो. म्हणून या लेखात मी उलट्या टोकाने जाणार आहे: आधी तुमचा शब्द, मग रस्त्यावरची अक्षरं, आणि कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. ‘लडिवाळ’चं काम करताना जे जे घडलं, चुकलं, बदललं, ते क्रमाने सांगते. तुमचं दुकान पापडांचं असो की खणाच्या पिशव्यांचं, कामाचा क्रम हाच राहील.

आधी नाव हाताने लिहा, चाळीस वेळा

साधा कागद, साधं पेन. सुंदर लिहायचा प्रयत्न करू नका. दहाव्या वेळेनंतर हात कंटाळतो आणि शब्दाचा सांगाडा दिसू लागतो. मग तीन गोष्टी मोजा: उभ्या दांड्या किती आणि कुठे, शिरोरेषेच्या, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेच्या वर काय काय जातं, आणि पायरेषेच्या, म्हणजे अक्षरं जिथे संपतात त्या रेघेच्या खाली काय उतरतं.

‘लडिवाळ’ डोळ्याला दिसतो त्या क्रमाने असा: ल, मग ऱ्हस्व वेलांटीची दांडी, मग ड, व, काना आणि ळ. ल, ड आणि ळ ही तिन्ही अक्षरं शिरोरेषेला छोट्या देठाने लटकतात, त्यांना पूर्ण उभी दांडी नाही. दांड्या तीन: वेलांटीची, वची आणि काना. खाली काहीच उतरत नाही. वर एकच गोष्ट जाते, वेलांटीची कमान. म्हणजे शब्दाच्या दोन्ही टोकांना लटकणारी गोल अक्षरं, मध्ये दांड्या आणि डोक्यावर एकच कमान. हे कळल्यावर माझं निम्मं काम झालं. ही कमान म्हणजे या शब्दाचा चेहरा, आणि तिला सांभाळायचं हे तिथेच ठरलं.

तुमचं नाव ‘सुगरण’ असेल तर उकार खाली उतरेल, आणि बहुतेक सगळा खेळ त्या शेपटीत असेल. ‘कैरी’ असेल तर वरच्या मजल्यावर दोन मात्रा आणि एक दीर्घ वेलांटी अशी गर्दी होईल, तेव्हा वर जागा जास्त ठेवावी लागेल. शब्द बघितल्याशिवाय शैली ठरवू नका, एवढाच मुद्दा.

मराठी वळणं तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. देवनागरी एकच असली तरी मराठीची काही वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. आपला ल दोन पाकळ्यांचा, देठाला लटकलेला. हिंदीचा ल उजवीकडे उभी दांडी असलेला. आपला श देठाचा. राज्य शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठी वर्णमाला निश्चित करताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं धरली आहेत.

तुम्ही कॉम्प्युटरवर किंवा फोनवर टाईप केलेला ल मात्र बहुतेक वेळा दांडीचाच येतो. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूप आत दडवलेलं असतं, पण सॉफ्टवेअरला ‘हा मजकूर मराठी आहे’ असं सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. ‘लडिवाळ’मध्ये हे जिव्हाळ्याचं होतं. दांडीचा ल घेतला की डावीकडे एक जास्तीची उभी रेघ येते आणि ल–ळ ही दोन टोकांची जोडी मोडते. पाकळीचा ल घेतला की शब्द दोन्ही बाजूंनी सारखा झुलतो.

आणखी काही ठिकाणं बघून घ्या. ‘वारा’पासून ‘वाऱ्यावर’ होताना येणारा र्‍याचा आडवा पंजा रफारापेक्षा वेगळा आहे. ‘ॲ’ला ‘अ’वर चंद्र लागतो, ‘ए’वर नाही. ख जुन्या पद्धतीने सुटा काढला तर ‘रव’ वाचला जातो, म्हणून खचे दोन्ही भाग खाली जोडलेले ठेवा. आणि नावात घ, ध, भ, म यांपैकी काही असेल तर शिरोरेषा काढून टाकायचा मोह आवरा. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषा कुठे तुटते हाच आहे. ती काढली की ‘धागा’चा ‘घागा’ व्हायला वेळ लागत नाही. शिवाय सगळंच नाव लांबून गुजरातीसारखं दिसू लागतं, आणि गिऱ्हाईक त्या भाषेत बोलायला सुरुवात करतं ती गंमत वेगळी.

जोडाक्षरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. द्ध, द्म, ह्म ही जोडाक्षरं पाय मोडून सुटी लिहिता येतात, पण चिन्हात ती बांधीवच ठेवा. शब्दाचं वजन त्या गाठीत असतं.

फिरा, फोटो काढा, पण वही हातात ठेवून

आता प्रेरणेचा भाग. पिंटरेस्ट वाईट नाही, पण तिथे मराठी अक्षर जवळपास नाहीच. आपली अक्षरं बाहेर आहेत. एक सकाळ काढा आणि गावातल्या जुन्या बाजारपेठेत जा. मुंबईत गिरगाव, लालबाग, दादर, पुण्यात पेठा, कोल्हापुरात महाद्वार रोड. पितळी अक्षरांची डॉक्टरांची पाटी, लाकडात कोरलेलं वाड्याचं नाव, पिठाच्या गिरणीवर पेंटरने रंगवलेले दर, ट्रकच्या मागचे फटके, एसटीचा फलक, ग्रंथालयाच्या कपाटावरचे आकडे. फ्लेक्स बोर्डांनी यातलं बरंच गिळलंय. राहिलंय ते शटरच्या आणि छपराच्या मधल्या पट्टीवर, म्हणून मान वर करून चाला.

फोटो तीसपेक्षा जास्त काढू नका. प्रत्येकाबरोबर वहीत एक ओळ लिहा: यात नेमकं काय आवडलं? ‘छान आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘कची डावी पाकळी टपोरी, उजवी बारीक’ हे चालेल. मला त्या फेरीत सगळ्यात उपयोगी पडली ती एका गिरणीची पाटी. ‘दळण’ या शब्दातला ळ पेंटरने इतका गुबगुबीत काढला होता की दोन्ही पोटं शिरोरेषेला टेकायला आली होती. माझ्या ळचा जन्म तिथला.

घरात बसून बघायचं असेल तर दोन दारं आहेत. पहिलं म्हणजे जुनी पुस्तकं. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांनी, देवनागरी छपाईला जे वळण दिलं ते आजही संस्कृत ग्रंथांच्या जुन्या प्रतींत दिसतं. रद्दीच्या दुकानात एखादी पोथी मिळाली तर भिंगाखाली धरा. गाठी कशा वळवल्यात ते बघा. दुसरं दार म्हणजे वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती. कमल शेडगे यांनी अनेक दशकं नाटकांची नावं हाताने रेखाटली. २०२० साली ते गेले. त्यांच्या कामात नाटकाचा स्वभाव अक्षराच्या अंगात उतरलेला दिसतो, बाहेरून चित्र चिकटवावं लागत नाही. हा फरक नीट समजून घ्या, पुढच्या पायरीला लागेल.

जे बघाल ते जसंच्या तसं उचलू नका. रस्त्यावरच्या पाटीमागेही एक हात आहे. एका पाटीतला ळ, दुसरीतली जाडी, तिसरीतली पायरेषा असं तुमच्या शब्दात मुरलं की ते तुमचं होतं.

कल्पना: पहिली टाका, दुसरी टाका

बाळाचे कपडे म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? कान्याच्या जागी सेफ्टी पिन. दुसरं काय? शिरोरेषा म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी आणि वर चिमटे. दोन्ही मी काढून बघितली. पिन तर लगेच फेकली. बाळाच्या झबल्यावर पिनचं चित्र म्हणजे आईच्या पोटात गोळा. चिमट्यांवर मात्र चार दिवस अडकले. दिसायला गोड होते. पण चिमटे आले की डोळा चिमट्यांकडे जायचा आणि नाव वाचायचं राहून जायचं.

मग चिमटे पुसले आणि दोरी तेवढी ठेवली. शिरोरेषा मधोमध अगदी किंचित खाली झोळलेली, ओल्या कपड्यांच्या वजनाने दोरी झोळते तशी. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, पण शब्द मऊ दिसतो. अक्षराच्या अंगात उतरलेली कल्पना म्हणजे हे.

तुमच्या नावासाठी एक सोपी चाचणी: कल्पनेतलं चित्र काढून टाकलं तरी अक्षरात काही उरतं का? उरत असेल तर ठेवा.

हातात हत्यार घ्या

देवनागरीची जाड-बारीक रेघ बोरूतून, म्हणजे चपट्या टोकाच्या जुन्या लेखणीतून आली आहे, आणि तिचा कल रोमनच्या बरोबर उलटा आहे. रोमन लिहिताना चपट्या टोकाची डावी बाजू खाली आणि उजवी वर असते. देवनागरीसाठी डावी बाजू वर, उजवी खाली धरायची, साधारण पंचेचाळीस अंशांत. मग वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ जाड येते आणि तिच्या आडवी जाणारी बारीक. इंग्रजी कॅलिग्राफीचा कोर्स करून आलेली मुलं इथेच चुकतात. त्यांची अक्षरं नीटनेटकी असतात, पण वजन भलत्याच जागी पडतं आणि का विचित्र दिसतंय ते सांगता येत नाही.

बोरू नसेल तर दुकानात मिळणारा तिरप्या टोकाचा मार्कर चालतो. तोही नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने शेजारी शेजारी बांधा. दोन्ही टोकं कागदाला टेकवून, वर सांगितलेल्या कलात धरून शब्द लिहा. दोन रेघांच्या मधली पोकळी म्हणजे तुमच्या अक्षराची जाडी. नवशिक्यांना मी हेच करायला लावते, कारण यात जाडी कुठे वाढली, कुठे चिमटली ते उघडं दिसतं.

रेघा आखून घ्या. शिरोरेषेपासून पायरेषेपर्यंतची उंची टोकाच्या रुंदीच्या पटीत मोजा. मी ‘लडिवाळ’साठी पाच पट घेतली. चार पट केली तर अक्षर लठ्ठ आणि प्रेमळ होतं, सात केली तर सडपातळ आणि जरा शिष्ट. वरची कमान आणि खालचा उकार यांच्यासाठी निम्मी-निम्मी उंची मोकळी सोडा. मग छोटी छोटी, आगपेटीएवढी वीस रेखाटनं करा. मोठं एकही काढू नका. छोट्या आकारात तपशील सुचत नाहीत, त्यामुळे नुसता ढाचा राहतो, आणि या टप्प्याला तोच बघायचा असतो.

वीसमधली तीन निवडा. ती भिंतीवर लावून दोन दिवस विसरून जा. तिसऱ्या दिवशी ज्याच्याकडे आधी नजर जाईल ते घ्या. माझ्या बाबतीत नजर गेली ती बहिणीच्या चार वर्षांच्या मुलीची. तिने कमानीवर बोट ठेवून “हे टोपडं आहे” असं जाहीर केलं. मी तिथे टोपडं काढलेलं नव्हतं, पण मी गप्प बसले.

गेटवेवर घासत राहा

आता निवडलेलं रेखाटन मोठं करून त्यावर गेटवे पेपर, म्हणजे खालचं आरपार दिसणारा कागद ठेवा आणि परत काढा. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ‘लडिवाळ’चे अकरा थर झाले. या पायरीत दोनच गोष्टी बघायच्या, जाडी आणि अंतर.

अंतराचा खरा पेच ‘वा’मध्ये होता. वची दांडी आणि काना अशा दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी येतात. अंतर जास्त ठेवलं तर काना सुटून ळकडे सरकल्यासारखा दिसतो आणि शब्द ‘लडिव’ आणि ‘ाळ’ असा दुभंगतो. कमी ठेवलं तर मोठ्या आकारात छान, पण लहान लेबलवर दोन्ही रेघा एक होऊन ‘लडिवळ’ वाचलं जातं. हे मला कागदावर कळलं नाही. कापडी लेबलचा पहिला नमुना आला तेव्हा कळलं. शेवटी नियम असा केला: दोन दांड्यांमधली पोकळी किमान एका दांडीच्या जाडीइतकी, त्याहून तसूभरही कमी नाही.

दुसरा पेच कमानीचा. वेलांटीची कमान ज्या अक्षराची आहे त्या अक्षरावर उतरली पाहिजे. डला दांडी नाही, मग ती कुठे टेकवायची? डच्या देठावर. मी एकदा हौसेने ती वपर्यंत लांबवली. दिसायला डौलदार, पण वाचताना नजर अडखळायची, कारण वेलांटी नेमकी कुणाची ते कळेना. परत आखडली.

अंतर तपासायच्या माझ्या तीन युक्त्या आहेत. कागद उलटा करून धरा, म्हणजे शब्द वाचता येत नाही आणि नुसती पोकळी दिसते. आरशात बघा. आणि खालचं अर्धं अंग झाकून नुसता वरचा अर्धा भाग वाचता येतो का बघा. देवनागरीत ओळख बरीचशी वरच्या अर्ध्या भागात असते. तो अर्धा घोटाळ्याचा असेल तर खालचा कितीही सुंदर असून उपयोग नाही.

शिरोरेषेची जाडी दांडीपेक्षा थोडी कमी ठेवा. सारखी ठेवली तर आडवी रेघ डोळ्याला जाड भासते आणि शब्दावर तुळई ठेवल्यासारखं वाटतं.

हाताने जमत नसेल तर

सगळ्यांनी बोरू घ्यावा असा माझा हट्ट नाही. तयार फॉन्ट घेऊनही चांगलं काम होतं, फक्त तो निवडताना आळस नको. मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेचे मुक्ता, बालू आणि मोदक हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मोदक नावासारखाच गुबगुबीत. आतल्या पोकळ्या जवळजवळ नाहीशा झालेल्या, त्यामुळे मोठ्या पाटीवर झकास आणि लेबलवर निव्वळ डाग. यात्रा वन हा फॉन्ट मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. तिरो देवनागरीची मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे, हिंदी आणि संस्कृतच्या आवृत्त्यांपासून निराळी, तेव्हा मराठी वळणांची चिंता तिथे मिटते. विंडोजबरोबर घराघरांत पोहोचलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. पडद्यावरच्या मजकुरासाठी त्याने मोठं काम केलं, पण चिन्हासाठी तो वापरला तर तुमचं दुकान तलाठी कार्यालयासारखं दिसेल.

गुगल फॉन्ट्सवरचे हे फॉन्ट खुल्या परवान्याचे असल्यामुळे धंद्यासाठी वापरायला पैसे लागत नाहीत. तरी जसाच्या तसा फॉन्ट टाईप करून त्याला चिन्ह म्हणू नका. उद्या शेजारचा पाळणाघरवालाही तोच टाईप करेल. निदान एक अक्षर, एक कमान, एक शेपटी तुमच्या हाताने बदला.

कॉम्प्युटरवर नेताना

शेवटच्या गेटवेचा फोटो सरळ वरून, दिवसाच्या उजेडात काढा. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आपोआप रेघा काढून देणारं बटण दाबू नका. त्याने शेकडो बिंदू तयार होतात आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. फोटो खाली ठेवून वरून हाताने रेघ काढा. प्रत्येक गोलाईला सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकावर एकेक बिंदू पुरे. ‘लडिवाळ’चा ळ मी आधी एकतीस बिंदूंत काढला होता, शेवटी बारा राहिले, आणि तेव्हा कुठे तो गोल दिसला.

टाईप करून काम करणार असाल आणि इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर टाईपच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांचा पर्याय आधी चालू करा. नाही तर वेलांटी डच्या मागे जाऊन बसेल आणि जोडाक्षरांचे पाय मोडतील. छापखान्यात जाताना दुसरी काळजी. तिथल्या मशीनवर अजूनही कोरल हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे फॉन्ट असतात, तुमचा फॉन्ट नसतो. म्हणून “कर्व्ह करून आणा” असं ते सांगतात. म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करा, मग फॉन्ट असो नसो काही बिघडत नाही. मी एकदा घाईत न करता पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी शंभर चिठ्ठ्यांवर ‘लडिवाळ’च्या जागी चौकोनी डबे छापून आले. पैसे माझेच गेले, चूकही माझीच होती.

सोबत रोमन नाव लागणार असेल तर ते लहान, साधं आणि वेगळ्या ओळीत ठेवा. शेजारी ठेवलं तर एक दोरीला लटकलेलं आणि एक जमिनीवर उभं, दोघांची उंची जुळवताना वेड लागतं.

जिथे वापरायचं तिथेच तपासा

स्क्रीनवर मोठं करून बघितलेलं चिन्ह म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतला फोटो. खरं तोंड स्वयंपाकघरात दिसतं. माझी यादी अशी: बारा मिलिमीटर रुंदीचं कापडी लेबल, व्हॉट्सॲपचा गोल फोटो, रबरी शिक्का, गडद कापडावर पांढरी छपाई आणि रस्त्याच्या पलीकडून पाटी.

गोल फोटोत अख्खं नाव बसवू नका, एक अक्षर घ्या. आम्ही ळ घेतला. मराठी माणूस ळ बघून जरा थांबतोच. भरतकाम करून घ्यायचं असेल तर एक मिलिमीटरपेक्षा बारीक कुठलीही रेघ ठेवू नका, टाक्यांत ती हरवते. शिक्क्यात आतल्या पोकळ्या शाईने भरतात, म्हणून शिक्क्यासाठी डचं आणि ळचं पोट थोडं उघडलेली वेगळी फाईल करा. पांढरं गडदावर छापलं की अक्षर फुगल्यासारखं दिसतं, त्यासाठी जाडी केसभर कमी केलेली तिसरी फाईल. एका चिन्हाच्या तीन फायली ठेवणं म्हणजे लबाडी नव्हे. शिंपीसुद्धा एकाच मापाचे दोन कपडे दोन कापडांत वेगळे बेततो.

पाटीचा विषय निघालाच आहे तर एक अनुभव. ॲक्रिलिकमधून लेझरने कापलेल्या अक्षरांत देवनागरीचा मोठा फायदा असतो, शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. पण अनुस्वार सुटा पडतो. एका ओळखीच्या घराची ‘आनंद’ अशी पाटी मी केली होती. पहिल्या पावसाळ्यात गोंद सुटला, टिंब पडलं आणि ते घर चार महिने ‘आनद’ राहिलं. तेव्हापासून मी अनुस्वाराला मागून स्क्रू लावून घेते, किंवा टिंबाचा खालचा कड शिरोरेषेला टेकवते. स्टेन्सिल कापणार असाल तर उलटी भानगड असते: ळ, व यांची बंद पोटं गळून पडतात, त्यांना धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. ते पूल आधीच आखा, कापणाऱ्यावर सोडू नका.

दुकान थाटणार असाल तर महाराष्ट्रात कायदाही लक्षात ठेवा. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असला पाहिजे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये मुंबईतल्या व्यापाऱ्यांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घाईघाईत लागलेल्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. इंग्रजी लोगो तसाच ठेवून वर मिळेल त्या फॉन्टमध्ये मराठी. कायद्याची भीती नसती तर लावली नसती, हे त्या अक्षरांकडे बघूनच कळतं.

नाव नोंदवायचं असेल तर कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २५वा आहे, आणि एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाईन अर्जाचं शुल्क साडेचार हजार रुपये आहे. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव शोधून बघा. ‘लडिवाळ’ हा नेहमीच्या वापरातला शब्द आहे, तेव्हा आम्ही नुसत्या शब्दावर विसंबलो नाही, रेखाटलेलं चिन्हच अर्जाला जोडलं.

लेबल कुठे शिवायचं

पाचशे लेबलं विणून आली. पांढऱ्यावर तपकिरी, ‘वा’ नीट वाचता येतोय, कमान शाबूत. बहिणीने पहिलं लेबल रीतीप्रमाणे मानेच्या आत, मागच्या बाजूला शिवलं आणि झबलं शेजारच्या तान्ह्याला घालून बघितलं. पाच मिनिटांत मान लाल झाली. विणलेल्या लेबलाच्या कडा कापलेल्या जागी कडक असतात, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग लेबल बाहेर आलं. उजव्या बाजूच्या शिलाईत, खालच्या काठापासून चार बोटं वर, मधोमध दुमडून. दुमडल्यावर समोरून निम्मंच नाव दिसू लागलं, ‘लडि’. त्यामुळे पुढच्या खेपेला नाव लेबलच्या मधोमध न ठेवता एका अर्ध्यात आणलं, दुसऱ्या अर्ध्यात कापड धुवायची सूचना टाकली, आणि नाव सहा मिलिमीटरने लहान झालं. ‘वा’मधली पोकळी परत मोजायला घेतली आहे.